आठ डॉलरची पहिली कमाई: मेडट्रॉनिक कंपनीची आरंभीची वर्षे

१/ ३१ ऑक्टोबर १९५७. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराची वीज काही तास गेली. विद्यापीठाच्या रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया झालेली लहान मुले होती आणि त्यांतल्या काहींच्या हृदयाचे ठोके भिंतीतल्या विजेवर चालत होते. त्या रात्रीने यंत्रदुरुस्ती करणाऱ्या एका छोट्या कंपनीचे भवितव्य पालटले. हा थ्रेड त्या कंपनीविषयी.

२/ मेडट्रॉनिकची गणना आज जगातील सर्वांत मोठ्या वैद्यकीय उपकरण कंपन्यांत होते. तिची जन्मकथा बहुधा एका वाक्यात सांगितली जाते: एका हुशार अभियंत्याने गॅरेजमध्ये पेसमेकर बनवला आणि कंपनी उभी राहिली. यातले गॅरेज खरे आहे, पेसमेकरही खरा आहे. मात्र या दोहोंच्या मध्ये आठ वर्षे गेली आणि खरी कथा त्या आठ वर्षांत आहे.

३/ अर्ल बाकन यांचा जन्म १९२४ चा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात रडारचे काम केले आणि परतल्यावर मिनेसोटा विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. पत्नी कॉनी नॉर्थवेस्टर्न रुग्णालयात तंत्रज्ञ होत्या. त्यांना घ्यायला बाकन रुग्णालयात जात, तेव्हा तिथले लोक एखादे बिघडलेले यंत्र त्यांच्यापुढे ठेवत. युद्धानंतर रुग्णालयांत इलेक्ट्रॉनिक यंत्रे वेगाने येत होती, पण ती दुरुस्त करणारा माणूस तिथे नसे. दिवे आणि तारा सांभाळणाऱ्या वायरमनला हृदयालेखाचे यंत्र कसे उमगणार?

४/ २९ एप्रिल १९४९ रोजी बाकन आणि त्यांच्या नात्यातलेच पामर हर्मंड्सली यांनी भागीदारी केली. ‘मेडिकल’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक’ हे शब्द जोडून नाव ठेवले मेडट्रॉनिक. जागा म्हणजे रेल्वेचे मालडबे जोडून केलेले गॅरेज. मिनेसोटाच्या कडाक्याच्या हिवाळ्यात आत शेगडी पेटवायची आणि उन्हाळ्यात छपरावर पाणी मारायचे. पहिल्या महिन्याची एकूण कमाई आठ डॉलर.

५/ निव्वळ दुरुस्तीवर पोट भरेना, तेव्हा त्यांनी सॅनबॉर्न कंपनीच्या यंत्रांची विक्री हाती घेतली. हा निर्णय वरवर किरकोळ दिसतो, परंतु त्यामुळे त्यांना डॉक्टरांच्या प्रयोगशाळांत नित्य जाण्याचे निमित्त मिळाले. तिथे डॉक्टर म्हणत, ‘या यंत्रात एवढा बदल करून द्याल का?’ किंवा ‘असे काही बाजारात नाही, तुम्ही बनवाल का?’ ते बनवून देत. त्या दशकात अशी जवळपास शंभर प्रकारची उपकरणे त्यांनी मागणीनुसार घडवली. बहुतेकांचे एक-दोनच नग खपले. हिशेबाच्या वहीत हा आतबट्ट्याचा व्यवहार होता, पण शस्त्रक्रियागृहात नेमके काय अडते हे त्यांना प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

६/ आता विद्यापीठाच्या रुग्णालयाकडे वळू. शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय मुलांच्या हृदयातील जन्मजात छिद्रे शिवून बंद करत. हृदयाला ठोक्याचा संदेश पोचवणारे तंतू या छिद्राच्या अगदी काठाने जातात. टाका त्यांना लागला, की संदेश खुंटतो आणि ठोके घातक ठरावेत इतके मंदावतात. दहातील साधारण एका मुलाला हा धोका संभवत असे. बोस्टनच्या पॉल झोल यांनी १९५२ मध्ये छातीवरून विजेचे धक्के देऊन ठोके चालू ठेवून दाखवले होते. मात्र त्या धक्क्यांनी कातडी भाजत असे आणि मुलांना ते सोसवत नसत. जानेवारी १९५७ मध्ये लिलेहाय यांच्या चमूने तार थेट हृदयाच्या स्नायूत बसवली. आता अगदी क्षीण प्रवाह पुरू लागला. जखम भरून हृदय स्वतःच्या तालावर आले, की तार ओढून काढता येई.

७/ उपाय उत्तम होता, पण प्रवाह देणारे यंत्र मोठे होते आणि भिंतीतल्या विजेवर चालत होते. वायर जिथवर पोचेल तिथवरच मुलाचे जग. आणि वीज गेली तर? ३१ ऑक्टोबरला ती गेली. त्या रात्री एक बाळ दगावले, असे बाकन यांनी पुढे सांगितले. ही आठवण बरीच वर्षे उलटल्यावर शब्दबद्ध झाली आहे, हे भान ठेवून ती वाचावी. लिलेहाय यांनी लगोलग बाकनना बोलावले, याविषयी मात्र शंका नाही. बाकन त्या वर्तुळात आधीपासूनच वावरत होते.

८/ बाकन यांचा पहिला विचार अगदीच ढोबळ होता: मोटारीची बॅटरी आणायची, तिचा प्रवाह बदलायचा आणि त्यावर तेच जुने यंत्र चालवायचे. मग लक्षात आले, की हृदयाला हवा फक्त एक हलका स्पंद, ठरावीक अंतराने. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या एप्रिल १९५६ च्या अंकात गायन-वादनाचा ताल धरणाऱ्या मेट्रोनोमचा आराखडा आला होता, दोन ट्रान्झिस्टरचा. त्यात फेरफार करून त्यांनी सुमारे चार आठवड्यांत तळहातावर मावेल अशी पेटी तयार केली. वीज पाऱ्याच्या छोट्या बॅटरीची. पेटी मुलाच्या अंगावर बांधता येत होती.

९/ प्रयोगशाळेत ती कुत्र्यावर वापरून पाहिली आणि ती चालली. पुढे बऱ्याच चाचण्या होतील, अशी बाकन यांची समजूत होती. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेले, तर पेटी एका मुलाच्या अंगावर! लिलेहाय यांचा खुलासा सरळ होता: उपकरण चालते असे प्रयोगशाळा सांगते, मग आणखी एक मूल का गमवायचे? त्या काळी अशा उपकरणाला कोणाचीही पूर्वपरवानगी लागत नसे. बाकन यांना एकाच वेळी धक्काही बसला आणि अभिमानही वाटला, आणि या दोन्ही भावना रास्त होत्या.

१०/ १९५८ मध्ये हीच पेटी ‘५८००’ या क्रमांकाने विक्रीस आली. तिचा वापर मात्र तात्पुरता होता. खरी गरज होती हृदयविकाराच्या वृद्ध रुग्णांना, कायमची, शरीराच्या आत. त्याच वर्षी स्वीडनमध्ये असे यंत्र एका रुग्णाच्या शरीरात बसवले गेले होते. अमेरिकेत बफेलो येथे विल्सन ग्रेटबॅच हा अभियंता आणि विल्यम चारडॅक हे शल्यविशारद त्याच मार्गावर होते. १९६० मध्ये मेडट्रॉनिकने त्यांच्या रचनेचे उत्पादनहक्क मिळवले. कंपनीला मोठे करणारे हे उपकरण बाकन यांचे नव्हते, ही गोष्ट गॅरेजच्या दंतकथेत हमखास गाळली जाते.

११/ मागणी वाढली आणि कंपनी बुडायला आली. विक्रेत्यांचे पगार, नवी इमारत, संशोधनाचा खर्च आणि त्यातच एक-दोन नगांची ती जुनी हौशी कामे. कागदोपत्री विक्री चढत होती आणि तिजोरी रिकामी होत होती. कर्ज आणि बाहेरच्या गुंतवणूकदारांचे भांडवल मिळाले, पण त्यासोबत हिशेबाची शिस्तही आली. डॉक्टर सांगतील ते बनवून देण्याची पद्धत आवरती घ्यावी लागली. ज्या कामाने कंपनीला शिकवले, नेमके तेच काम तगून राहण्यासाठी सोडावे लागले. १९६० मध्ये बाकन यांनी लिहिलेल्या ध्येयपत्रातही अशीच एक मर्यादा आहे: कार्यक्षेत्र फक्त जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे, बाकी काही नाही.

१२/ १९७२ मध्ये शेजारच्याच सेंट पॉलमध्ये मेडट्रॉनिकच्या माजी कर्मचाऱ्यांनी प्रतिस्पर्धी कंपनी काढली आणि लिथियम बॅटरीचे, अधिक काळ टिकणारे पेसमेकर बाजारात आणले. आता दुसऱ्या कोणाची तरी लहान कंपनी मेडट्रॉनिकच्या उंबऱ्याशी उभी होती. २८ मे १९७६ रोजी अमेरिकेत वैद्यकीय उपकरणांच्या नियमनाचा कायदा झाला. कुत्र्यावर आज आणि मुलावर उद्या, हे त्यानंतर शक्य राहिले नाही.

१३/ अर्ल बाकन २०१८ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी हवाई बेटांवर वारले. उतारवयात त्यांच्या स्वतःच्या हृदयालाही पेसमेकरचा आधार होता.