उमेदवाराच्या नावाची चांदी

धनत्रयोदशीला सराफाच्या दुकानातून लक्ष्मीची छाप असलेले चांदीचे नाणे घरी आणतात. देव्हाऱ्यात ठेवतात, हळदकुंकू वाहतात. पण मंडळी, ते खरे म्हणजे नाणे नव्हेच. सरकारच्या टांकसाळीत ते पडलेले नसते, आणि वाण्याच्या दुकानी ते कोणी रुपया म्हणून घ्यायचे नाही. ती गोल ठशाची चांदी. तिची किंमत तिच्या वजनात, आणि थोडी आपल्या मनात.

अशी खाजगी चांदी अमेरिकेतही निघते, पण तिथे तिच्यावर लक्ष्मी नसते. निवडणुकीचे वर्ष आले, की तिथल्या खाजगी टांकसाळी उमेदवाराचा मुखवटा उमटवून एकेक औंसाच्या, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमच्या चकत्या काढतात. लोक त्या हौसेने जमवतात. निवडणूक आटोपली, गुलाल खाली बसला, की त्यांतल्या बहुतेकांना वजनाचेच पैसे येतात. त्यांच्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मात्र या प्रकारात एक जुनी जात अशी आहे, की जिच्यात मुखवट्याला महत्त्व नव्हते, वजनालाच होते. आणि तिच्या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या मुंबईच्या टांकसाळीपर्यंत येतो. तीच आज सांगायची आहे.

साल १८९६. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी दोन उमेदवार उभे होते. रिपब्लिकन पक्षाचे विल्यम मॅकिन्ली आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन. ब्रायन नेब्रास्का या शेतीच्या मुलखातले, वय अवघे ३६. जुलै महिन्यात शिकागोच्या अधिवेशनात त्यांनी चांदीच्या बाजूने असे भाषण केले, की दुसऱ्या दिवशी पक्षाने त्यांनाच उमेदवार केले. त्यांची मागणी एका ओळीची होती. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत यावे आणि तिचे डॉलर पाडून न्यावेत. सोन्याचा व चांदीचा भाव कायद्याने सोळास एक धरावा.

आता त्या वर्षी निघालेला चांदीचा एक तुकडा हातावर घेऊन बघा. गोरहॅम नावाच्या नामांकित चांदीकाम करणाऱ्या कारखान्याने तो काढला. सरकारी डॉलरपेक्षा चांगलाच मोठा, हाताला जड. त्यावर मजकूर कोरला आहे तो असा : सरकारी डॉलरमध्ये साडेचारशे बारा, नव्हे, चारशे साडेबारा ग्रेन नाण्याची चांदी असते, या तुकड्यात ८२३ ग्रेन आहे, आणि याची किंमत सोन्याच्या एका डॉलरइतकी आहे. खाली तारीख, १६ सप्टेंबर १८९६. आपल्या मापात सांगायचे, तर १८० ग्रेनचा एक तोळा. म्हणजे सरकारी डॉलर सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त, आणि हा तुकडा साडेचार तोळ्यांच्या वर. टिफनी वगैरे इतर पेढ्यांनीही असे तुकडे काढले. काहींवर मधोमध सरकारी डॉलरच्या आकाराचे वर्तुळ आखलेले असे, म्हणजे पाहणाऱ्याच्या चटकन ध्यानात यावे.

काय ध्यानात यावे? हेच, की ब्रायन ज्याला एक डॉलर म्हणतात, त्यातली चांदी बाजारात जेमतेम अर्ध्या डॉलरची आहे. कायदा सोळास एक म्हणत असला, तरी बाजारात सोन्याच्या एका भाराला चांदीचे तीसएक भार पडत होते. तेव्हा हे तुकडे ब्रायनच्या चाहत्यांनी काढलेले नव्हते, बरे का. ते त्यांच्या विरोधकांचे. तरीही संग्राहक त्यांना आजतागायत ब्रायनचेच नाव देतात.

चांदीचे तुकडे सभ्य होते. शिसे, लोखंड अशा हलक्या धातूंत जी थट्टा चालली, तिला धरबंद नव्हता. बशीएवढे ओबडधोबड डॉलर ओतले गेले. अमेरिकेच्या नाण्यावर देवावर भरवसा असल्याचे वचन असते. थट्टेखोरांनी त्याला शेपूट जोडले, की उरलेल्या सेंटांपुरता देवावर भरवसा!

हिशेब चोख होता, यात शंका नाही. पण शेतकरी एवढा साधा हिशेब न कळण्याइतका खुळा होता काय? त्याची बाजूही ऐकली पाहिजे. १८७३ च्या कायद्याने अमेरिकेने चांदीला टांकसाळीचे दार बंद केले. पुढे सरकार ठराविक चांदी विकत घेऊन डॉलर पाडी, पण मुख्य नाणे सोन्याचेच राहिले. देश वाढला, पीक वाढले, सोने मात्र त्या मानाने वाढेना. मालाचे भाव उतरत गेले. १८८१ मध्ये गव्हाच्या एका बुशेलला, म्हणजे सुमारे २७ किलोला, शेतकऱ्याच्या हाती डॉलरच्या वर पडत होते. १८९४ मध्ये अर्ध्या डॉलरच्या आसपास. ज्याने पूर्वी हजार डॉलर कर्ज काढले, त्याने त्या वेळच्या भावाने हजार बुशेलांहूनही कमी गव्हाचे कर्ज काढले होते. आता तेच मुद्दल फेडायला त्याला दोन हजार बुशेल घालावे लागत, आणि व्याज वेगळे. कागदावरचा आकडा तोच, पण पोती दुप्पट. आपल्याकडे सावकाराच्या वहीचा अनुभव असलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. तो शेतकरी स्वस्त डॉलर मागत होता, कारण त्याच्या मते महाग झालेल्या डॉलरनेच त्याला लुबाडले होते. या प्रश्नाला गोरहॅमच्या तुकड्यावर एका अक्षराचेही उत्तर नाही. तराजू दोन्ही पारड्यांचा असतो. त्यांनी एकच पारडे दाखवले, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट त्या तुकड्यावर नाही. अर्ध्या किमतीच्या चांदीचा तो सरकारी डॉलर त्या वेळी बाजारात पुऱ्या डॉलरलाच चालत होता. सरकार तो मोजकाच पाडी, म्हणून चाले. विरोधकांचे म्हणणे असे, की दार सताड उघडले तर तो कोसळेल. त्यात तथ्य होतेच. पण छापाची किंमत धातूहून जास्त असू शकते, हे ज्या सरकारच्या नावाने ते बोलत होते, तेच रोज करून दाखवत होते.

आता मुंबईकडे येऊ. १८९३ पर्यंत आपल्याकडे ब्रायन मागत होते तीच रीत होती. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे, घडणावळ द्यावी, आणि रुपये घेऊन यावेत. एक तोळ्याचा रुपया, बारा भागांत अकरा भाग चांदी. जगात चांदी उतरली, तसा रुपयाही पौंडाच्या हिशेबात उतरला. इंग्लंडला दरसाल सोन्यात भरायची रक्कम सरकारला जड जाऊ लागली. शेवटी २६ जून १८९३ रोजी लोकांच्या चांदीसाठी दोन्ही टांकसाळी बंद झाल्या. जगातले चांदीचे एक मोठे गिऱ्हाईकच उठले, आणि भाव धाडकन खाली आला. त्याच साली नोव्हेंबरात अमेरिकेनेही सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द केला. ब्रायन तेव्हा काँग्रेसचे सभासद होते, आणि त्या रद्द करण्याविरुद्ध बोलले होते. १८९६ मध्ये चांदीचा डॉलर अर्ध्यावर आला, त्याला जी कारणे होती त्यांत मुंबईच्या फोर्टातले हे बंद दारही होते.

आणि गंमत अशी, गंमत कसली म्हणा, पुढच्या पाचसहा वर्षांत रुपया सोळा पेन्सांवर नेऊन बसवला, तेव्हा त्यातली चांदी दहाएक पेन्सांचीच होती. तिकडे ज्या गोष्टीची शिसे ओतून टवाळी झाली, ती इकडे राज्यकारभाराची शिस्त म्हणून झाली. ती कोणाच्या पदरात पडली? १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनच्या कुणब्याने बायकोचे वाळे-गोठ मोडले, आणि ती चांदी वितळून तिचे रुपये झाले. १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा ते दार लागलेले होते. पाटल्या मोडायच्या त्या पडलेल्या भावाने, आणि शेतसारा भरायचा तो चढवलेल्या रुपयाने. दादाभाई नवरोजींसारख्यांनी या धोरणाविरुद्ध आवाज उठवला होता तो उगीच नव्हे.

निवडणुकीचे काय झाले? ब्रायन आगगाडीने सुमारे अठरा हजार मैल फिरले, सहाशेच्या आसपास भाषणे दिली. मॅकिन्ली ओहायोतल्या आपल्या घराच्या ओसरीवरूनच बोलले आणि २७१ विरुद्ध १७६ मतांनी निवडून आले. पुढे दक्षिण आफ्रिकेतून व क्लोंडाइकमधून एवढे सोने निघाले, की चांदीशिवायच नाणे वाढले आणि धान्याचे भाव वर चढले. १९०० मध्ये अमेरिकेने सोन्याचे चलन कायद्याने पक्के केले. त्या साली ब्रायन पुन्हा उभे राहिले, पुन्हा हरले, आणि पुन्हा त्यांच्यावर तुकडे निघाले.

शाळेत जुनी नाणी जमवणारी मुले असतात, म्हणून शिक्षकांसाठी थोडे. असा तुकडा खरा की बनावट, हे पाहण्याची पहिली कसोटी त्याच्याच अंगावर लिहिलेली आहे : वजन. ८२३ ग्रेन म्हणजे सुमारे ५३ ग्रॅम. तराजूत ते भरले नाही, तर बाकीचे पाहायला नको. मग कारागिराचे नाव, अक्षरांची धार, कड. आणि कोणतेही जुने नाणे, आपला राणीछाप रुपयासुद्धा, चिंचेने किंवा राखेने घासू नये. काळपटपणा म्हणजे मळ नव्हे. तो गेला की निम्मी किंमत गेली. वर्गात एक राणीछाप रुपया आणि आजचा रुपया शेजारीशेजारी ठेवून दोन्ही तोलून पाहावेत, आणि मुलांनाच विचारावे, की यांतला कोणता खरा रुपया.

ब्रायन १९०६ मध्ये जगाच्या प्रवासात हिंदुस्थानात आले होते. त्यांनी इथल्या इंग्रजी राज्यावर एक कडक टीकालेख लिहिला. त्यात करांचा बोजा आहे, दुष्काळ आहे, इंग्लंडला जाणारा पैसा आहे. ज्या माणसाला स्वतःच्या देशात चांदी तोलून हिणवले गेले होते, त्याला इथल्या कुणब्याच्या घरात काय उरले आहे ते दिसले होते.