मधली पायरी

गुडीहत्नूरहून उटनूरकडे निघालेला रस्ता इंद्रवेल्लीस पोहोचतो, तेव्हा प्रवाशाच्या कानी एकाच बाजारात चार भाषा पडू लागतात. तेलुगू ही राज्यकारभाराची, गोंडी रानातल्या गुड्यांची, लंबाडी तांड्यांची, आणि मराठी ही पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदणाऱ्या शेतकरी व मजूर कुटुंबांची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे भाग मुंबई राज्यात गेले. इंद्रवेल्ली आंध्र प्रदेशात राहिली आणि २०१४ पासून ती तेलंगणात आहे. बाहेरच्या जगाला हे नाव ठाऊक झाले ते २० एप्रिल १९८१ च्या गोळीबारामुळे. परंतु आजचा विषय निराळा आहे. तो घराच्या ओसरीवरचा आहे.

बारावीचा निकाल लागतो. मुलीला शास्त्र शाखेत बरे गुण मिळालेले असतात. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत मात्र थोडक्यात हुकलेले असते. तेव्हा घरात दोन मते पडतात. एक मत असे की, वर्षभर पुन्हा तयारी करावी. डॉक्टर व्हायचे तर साडेपाच वर्षे आणि त्यावरही आणखी काही वर्षे लागणारच, त्यात एक वर्षाने काय बिघडते? दुसरे मत असे की, फिजिशियन असिस्टंटचा चार वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा. रुग्ण तपासावे, माहिती लिहावी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचारात हातभार लावावा, आणि लवकर मिळवते व्हावे. हे सारे ऐकून घेऊन कोपऱ्यातली आजी विचारते, ‘म्हणजे शेवटी कंपौंडरच ना?’

आजीच्या ह्या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. ‘पुरा डॉक्टर’ आणि ‘अर्धा डॉक्टर’ ह्यांतील भेद आपल्या देशात कसा पडला, तो कोणी पाडला आणि पुढे त्याचे काय झाले, हे पाहिल्यावाचून त्या घरातील वाद नीट समजणार नाही.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. १८५१ साली तेथून आठ जणांची पहिली तुकडी बाहेर पडली, डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांपैकीच. शिक्षण इंग्रजीत होते, आणि शिकून निघालेले हे गृहस्थ थोड्याच काळात शहराचे भूषण झाले. परंतु मुंबई इलाख्यातील तालुक्यांच्या दवाखान्यांना, पलटणींना, तुरुंगांना असे पदवीधर पुरणार कोठून? म्हणून १८६१ साली त्याच महाविद्यालयात मराठी व गुजराती वर्ग उघडण्यात आले. त्यांतून निघत ते ‘हॉस्पिटल असिस्टंट’. त्यांना शिकविण्यासाठी मराठीत वैद्यकाची परिभाषा घडवावी लागली. ह्या वर्गांचे एक अध्यापक डॉ. सखाराम अर्जुन ह्यांनी प्रसूतिशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिला, तो ह्याच काळात. म्हणजे मराठी भाषेत आधुनिक वैद्यक प्रथम शिकले ते ‘सहायक’! ही गोष्ट मराठी भाषेला अभिमानाची खरी. परंतु तिच्यातच एक खोच आहे. इंग्रजीत शिकला तो डॉक्टर आणि मराठीत शिकला तो डॉक्टरांचा हाताखालचा, ही वाटणी त्याच दिवशी पक्की झाली.

इंद्रवेल्ली ज्या निजामाच्या राज्यात होती, तेथील चित्र ह्याच्या नेमके उलट दिसते. हैदराबादची वैद्यकीय शाळा १८४६ ची, मुंबईनंतर अवघ्या वर्षभराने निघालेली. तेथे शिक्षण उर्दूत होई, आणि शिकून निघालेल्यांना ‘हकीम’ म्हणत. कोणाचे सहायक म्हणून नव्हे. मध्ये इंग्रजी आली, पण पुढे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.चे शिक्षणसुद्धा उर्दूत दिले जाई. भाषा देशी असली म्हणजे विद्या हलकी ठरते असे नाही, हे त्या संस्थेने दाखवून दिले. अर्थात आदिलाबादच्या रानातील गोंडाला इंग्रजी जितकी परकी, तितकीच उर्दूही परकी होती. डॉक्टर कोणत्याही भाषेत शिकलेला असो, तो त्याच्या गुड्यापर्यंत येत नव्हताच.

ब्रिटिश हिंदुस्थानात पुढे हॉस्पिटल असिस्टंटचे ‘सब-असिस्टंट सर्जन’ झाले, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय शाळा उभ्या राहिल्या. पुण्याची बी. जे. मेडिकल स्कूल १८७८ ची. नागपूरची रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९१४ ची. येथून परवाना घेऊन निघणाऱ्यास पदवी नव्हे, परवानापत्र मिळे. म्हणून ते ‘लायसेन्शिएट’. मुंबईत १९१२ साली स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल.सी.पी.एस. ही अक्षरे महाराष्ट्रातील किती तरी गावांच्या पाट्यांवर होती. वडीलधाऱ्या मंडळींना ‘आमचे एल.सी.पी.एस. डॉक्टर’ अजून आठवतात. रात्री-अपरात्री बैलगाडीतून बाळंतिणीकडे जाणारे बहुधा हेच.

ह्या मंडळींना स्वतंत्रपणे व्यवसाय करता येई, आणि आजच्या फिजिशियन असिस्टंटपासून त्यांना वेगळे काढणारी मुख्य गोष्ट हीच. त्यांच्या वाट्यास आलेले दुःख दुसरे होते. सरकारी नोकरीत पदवीधर लागे तो असिस्टंट सर्जन म्हणून, आणि परवानाधारक लागे तो सब-असिस्टंट सर्जन म्हणून. पगार निराळा, पायरी निराळी. १९३३ च्या कायद्याने अखिल भारतीय वैद्यकीय परिषद निर्माण झाली, तेव्हा लायसेन्शिएटांना तिच्या कक्षेबाहेरच ठेवण्यात आले. देशातील बहुसंख्य डॉक्टर ज्या परिषदेत मोजलेच जात नव्हते, ती परिषद देशातील डॉक्टरांची म्हणवून घेत होती.

अक्षरांवरून माणसाची पारख करण्याचा हा रोग शिकलेल्यांतही किती खोल गेला होता, ह्याचे एक उदाहरण शेजारच्याच तेलुगू प्रदेशातले आहे. भीमवरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासला वैद्यक शिकत होते. खादी अंगावर घातल्यामुळे इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली, आणि एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही खालची पात्रता त्यांच्या पदरी पडली. तीमुळे सरकारी वैद्यकीय सेवेचे दार बंद झाले. १९२३ साली ते अमेरिकेस गेले. पुढे त्यांच्याच देखरेखीखालच्या संशोधनातून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक व हत्तीरोगावरचे हेट्राझान हे औषध जगाला मिळाले. खालची पात्रता म्हणजे खालची बुद्धी नव्हे, हे सिद्ध करण्यासाठी प्रत्येकाने सुब्बाराव व्हावे अशी अपेक्षा धरणे मात्र अन्यायाचे होईल.

आता १९४३ हे साल पाहू. त्या एका वर्षी दोन गोष्टी घडल्या, आणि त्या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध आहे हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसेल.

पहिली दिल्लीतली. हिंदुस्थानच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले, सनदी नोकरीत चढत जाऊन व्हाइसरॉयच्या मंडळात व्यापार व रेल्वे ही खाती सांभाळलेले गृहस्थ होते. १९४६ साली समितीचा अहवाल आला. त्यातील आकडे बोलके आहेत: नोंदलेले वैद्यव्यावसायिक ४७,५२४, त्यांपैकी पदवीधर १७,६५४ आणि लायसेन्शिएट २९,८७०. म्हणजे दर आठ डॉक्टरांत पाच ‘खालच्या’ पायरीचे. सहा हजारांहून अधिक माणसांमागे एक डॉक्टर, अशी त्या वेळची स्थिती. तरीही समितीच्या बहुमताने ठरविले की, ह्यापुढे देशात एकच दर्जाचा, उत्तम शिकलेला ‘मूलभूत डॉक्टर’ असावा आणि लायसेन्शिएटांचे शिक्षण बंद करावे. सहा सदस्यांनी भिन्न मत नोंदविले. देशाची गरज एवढी प्रचंड असता ही पायरी काढून टाकणे परवडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते मागे पडले. १९४६ साली पुण्याच्या शाळेचे महाविद्यालय झाले, १९४७ साली नागपुरास नवे वैद्यकीय महाविद्यालय उघडले, आणि मधली पायरी गेली.

बहुमताचा हेतू उदात्त होता, ह्यात शंका नाही. गरिबाला अर्धा डॉक्टर आणि श्रीमंताला पुरा, ही विषमता त्यांना नको होती. परंतु पुरा डॉक्टर खेड्यात जाईल हे त्यांनी गृहीत धरले, आणि तेथेच हिशेब चुकला. गरिबाला अर्ध्याऐवजी पुरा मिळाला नाही. अर्ध्याऐवजी कोणीच मिळाले नाही.

दुसरी गोष्ट इंद्रवेल्लीच्या मुलखातली. १९४० साली जोडेघाटला कुमरम भीम मारला गेल्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांना पाठविले होते. १९४३ साली त्यांनी मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उघडले. अक्षरओळख असलेले गोंड तरुण तेव्हा मूठभरच सापडले. त्यांना पदवीधर होईपर्यंत थांबवून ठेवण्यात आले नाही. त्यांनाच शिकविले आणि शिक्षक केले. गोंडी भाषेची पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली, कारण ह्या भागात मराठीमुळे तीच लिपी जवळची होती. दिल्लीत ‘पुरा शिकलेलाच हवा’ असे ठरत होते, आणि मारलवाईत ‘आपला आहे, त्याला शिकवू’ असे ठरत होते. हायमेनडॉर्फ ह्यांच्या पत्नीची समाधी आजही मारलवाईला आहे.

मारलवाईचा हा विचार वैद्यकात यायला तीस-चाळीस वर्षे लागली. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली जामखेडला काम आरंभिले आणि गावच्याच, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी थोडे शिकलेल्या खेडवळ स्त्रियांना नवजात बालकांची तपासणी करण्यास, इतकेच नव्हे तर जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देण्यास शिकविले. ३९ गावांतील त्या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गडचिरोलीचे रान आणि आदिलाबादचे रान ह्यांत फार अंतर नाही. दोन्हीकडे माणसे तीच गोंडी बोलतात.

फिजिशियन असिस्टंट हा व्यवसाय मात्र ह्या परंपरेतून आलेला नाही, ही गोष्ट त्या मुलीच्या वडिलांनी ध्यानात घ्यावयास हवी. तो अमेरिकेत जन्मला. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड ह्यांनी नौदलातून परतलेल्या वैद्यकीय सेवकांना हे शिक्षण देण्यास प्रारंभ केला. १९६७ साली तिघे उत्तीर्ण झाले. भारतात तो आला तो १९९२ च्या सुमारास, मद्रासला, हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णालयात. खेड्याची निकड त्याच्या मुळाशी नव्हती. मोठ्या शल्यविशारदाचा वेळ वाचविण्याची होती. २०२१ च्या संबद्ध आरोग्यव्यवसाय कायद्याने त्यास अधिकृत स्थान दिले, हे चांगले झाले. परंतु ह्या विद्येला राबण्यास मोठे रुग्णालय लागते. इंद्रवेल्लीची मुलगी ती शिकली तर तिचे काम बहुधा हैदराबाद किंवा नागपूर येथे असेल. वेतन मिळेल, प्रतिष्ठाही मिळेल. गावाला मात्र ती क्वचितच मिळेल.

खेड्यासाठीची पायरी पुन्हा बांधण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, पदविकेचे नाव पुनःपुन्हा बदलले गेले, आणि काही वर्षांतच तो बंद पडला. जे शिकून बाहेर पडले होते ते ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक केंद्रांवर लागले. प्राथमिक उपचारांत ते एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या तोडीचे आहेत, असे पुढे एका पाहणीत आढळले. आसामनेही तोच मार्ग धरला. त्याचा २००४ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय कायद्याशी विसंगत म्हणून रद्दबातल ठरविला. केंद्राने २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात मर्यादित परवान्याची तरतूद केली, तेव्हा देशभर डॉक्टरांचा संप झाला. मधल्या पायरीचे नाव निघाले की १९४६ चा वाद असा पुन्हा जागा होतो.

डॉक्टरांचा आक्षेप सर्वस्वी स्वार्थाचा आहे असे म्हणणेही बरे नव्हे. आजाराचे निदान हुकले तर जीव जातो. कमी शिकलेल्यास आपल्या ज्ञानाची मर्यादा ओळखता आली पाहिजे. परंतु ही मर्यादा शिकविता येते, हे गडचिरोलीने दाखविले आहे. जे आजवर कोणी दाखविलेले नाही ते हे की, एकदा सहायक झालेल्यास पुढे चढण्याची वाट असते. लायसेन्शिएट होते तेव्हा काही विद्यापीठांनी त्यांच्यासाठी संक्षिप्त एम.बी.बी.एस.ची सोय केली होती; वर्षानुवर्षे खेड्यात काढलेले प्रौढ गृहस्थ पुन्हा बाकावर बसले आणि पदवीधर झाले. आजच्या फिजिशियन असिस्टंटला तेवढीही सोय नाही. दहा वर्षे रुग्णांत घालवून त्याला डॉक्टर व्हावेसे वाटले, तर तीच प्रवेशपरीक्षा आणि तेच पहिले वर्ष.

ओसरीवरच्या त्या घरात ह्याच गोष्टीचा विचार प्रथम व्हावयास हवा. पगार किती, वर्षे किती, हे हिशेब कागदावर मांडता येतात. आदिलाबादला २००८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुलगी आणखी एक वर्ष अभ्यास करून तेथे पोहोचू शकली, तर घरापासून फार दूर जावे लागणार नाही. न पोहोचली, तर सहायकाचा अभ्यासक्रम आहेच. तो पुढच्या वर्षीही असेल. आजीला मात्र हे सांगावयास हवे की, ती ज्याला कंपौंडर म्हणते आहे, त्याच पायरीवरच्या माणसांनी एके काळी ह्या देशातील निम्म्याहून अधिक दवाखाने चालविले होते.