गळक्या नळाचा हिशोब

आज मी तुम्हाला दीडशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगणार आहे. पण सुरुवात माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरातून करते, कारण ती गोष्ट मला का शोधावीशी वाटली, ते तिथेच कळेल.

आमच्या घरी धाब्यावर टाकी बसवली आणि भिंतीतून पाइप घेऊन मोरीत नळ काढला. आईला केवढा आनंद झाला! डोक्यावरचा हंडा उतरला. वर्षभराने मोरीच्या वरच्या अंगाला भिंतीवर भाकरीएवढा ओला डाग दिसला. आई म्हणाली, पावसाची ओल असेल. चुना मारला. डाग सुपाएवढा झाला. मग पांढरा लोणा फुटला, पोपडे निघाले. वैशाख आला तरी ओल सुकेना. पावसाची ओल वैशाखात राहत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते. आले नाही.

त्याच भिंतीला टेकून ज्वारीची कोठी होती. तळची ज्वारी बुरशीने काळी पडली, ती जनावरांनाही घालता आली नाही. दाराच्या चौकटीला वाळवी लागली. एक दिवस बटण दाबताना वहिनीला विजेचा झटका बसला, तेव्हा सगळे जागे झाले. गवंड्याने भिंत फोडली. आत पाइपचा एक एल्बो होता. बसवताना त्याला सोल्युशन नीट लावलेलेच नव्हते. त्यातून दोन वर्षे थेंब थेंब पाणी भिंतीत मुरत होते. एल्बोची किंमत तीस रुपयेसुद्धा नव्हती. भिंत, चौकट, वायरिंग आणि वाया गेलेली ज्वारी धरून अठरा हजारांवर खर्च गेला. त्यातले निम्मे पैसे आईने गटातून कर्ज काढून दिले.

तेव्हापासून मला प्रश्न पडला. भिंतीत, जमिनीत, न दिसणारी गळती शोधायची कशी? हे पहिल्यांदा कोणी शोधले? शोध घेता घेता मी लिव्हरपूलला पोचले.

लिव्हरपूल हे इंग्लंडमधले बंदर. वऱ्हाडातल्या बायांनी वेचलेल्या कापसाच्या गाठी मुंबईहून बोटीने याच बंदरात उतरत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिथला कापूस अडला, तेव्हा तर आपल्या कापसाला तिथे सोन्याचा भाव आला होता. असे ते श्रीमंत शहर. पण त्यातल्या गरिबांची वस्ती कशी होती? चारी बाजूंनी कोंदट घरे, मध्ये अरुंद चौक, आणि त्या चौकात सगळ्यांना मिळून एक नळ. कित्येक कुटुंबे तळघरात राहत. तळघराच्या भिंतींना कायम ओल. पाणी खासगी कंपन्या पुरवत आणि ते ठरावीक वेळीच येई. बायका भांडी घेऊन नळाशी उभ्या राहत. हे चित्र आपल्याला काही नवीन नाही.

१८३२ साली तिथे पटकीची साथ आली. त्या वस्तीत किटी विल्किन्सन नावाची आयर्लंडहून आलेली एक कष्टकरी बाई होती. गल्लीत पाणी तापवायचे मोठे भांडे तिच्याच घरी होते. आपल्याकडचा बंबच म्हणा ना. तिने शेजारणींना सांगितले, आजाऱ्यांची अंथरुणे, कपडे माझ्याकडे आणा, आपण उकळून धुऊ. जंतू म्हणजे काय, हे तेव्हा डॉक्टरांनाही माहीत नव्हते. पण कढत पाण्याने आणि क्लोरीनच्या चुन्याने धुतले की आजार पसरत नाही, हे किटीला दिसले. तिच्या त्या स्वयंपाकघरातून पुढे १८४२ मध्ये लिव्हरपूलच्या नगरपालिकेने सार्वजनिक धुणीघर सुरू केले. काही वर्षांनी किटी आणि तिचा नवरा त्याचे व्यवस्थापक झाले.

किटीने एक गोष्ट सगळ्या शहराला दाखवून दिली. घरात पुरेसे पाणी असणे ही चैन नाही, त्यावर माणसे जगतात. १८४७ मध्ये कायदा झाला आणि पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडून नगरपालिकेने आपल्या हाती घ्यायचे ठरवले. मग टॉमस हॉक्सली या अभियंत्याने रिव्हिंग्टनच्या डोंगरातल्या तलावांतून शहरात पाणी आणले. १८५७ मध्ये ते पोचले. हा हॉक्सली आधीपासून एकच सांगत असे: नळात पाणी चोवीस तास असले पाहिजे. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो. मग जिथून पाणी बाहेर गळत होते, त्याच भोकातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. तो हे आपल्या आजच्या गावांसाठी बोलला असावा, असेच वाटते.

पण पाणी आले आणि पुन्हा कमी पडू लागले. पुन्हा वेळ ठरवून सोडायची पाळी आली. लोक म्हणाले, शहर वाढले, नवा तलाव बांधा. काहीजण म्हणाले, गरीब लोक पाणी वाया घालवतात, त्यांचे नळ बंद करा.

तेव्हा शहराचा अभियंता होता जॉर्ज डीकन. त्याने १८७३ मध्ये एक यंत्र बनवले. ते रस्त्याखालच्या मोठ्या पाइपवर बसवायचे. आत एक चकती तारेला टांगलेली. पाणी जोरात वाहिले की चकती खाली जाई, कमी वाहिले की वर येई. तारेला जोडलेली पेन्सिल घड्याळाबरोबर फिरणाऱ्या कागदावर रेघ ओढत राही. म्हणजे चोवीस तासांत कधी किती पाणी गेले, हे कागदावर दिसे.

सकाळी स्वयंपाकाच्या, धुण्याच्या वेळी रेघ वर जाई, ते ठीकच. दुपारी खाली येई. पण मध्यरात्रीनंतर? सगळे शहर झोपलेले. चूल विझलेली, धुणे नाही, भांडी नाहीत. तेव्हा रेघ जवळपास शून्यावर यायला हवी. ती येत नसे. माणसे झोपली होती आणि पाणी वाहत होते. म्हणजे रात्रीचे ते पाणी कोणीच वापरत नव्हते, ते गळत होते.

मग नगरपालिकेची माणसे रात्री कंदील घेऊन गल्लीत फिरू लागली. प्रत्येक घराला जाणाऱ्या पाइपवर रस्त्यात एक चावी असे. ती फिरवायची लांब लोखंडी दांडी चावीवर ठेवून वरच्या टोकाला कान लावायचा. आत पाणी वाहत असेल तर सूं सूं आवाज येई. तिथली चावी बंद करायची आणि वेळ लिहून ठेवायची. यंत्राच्या कागदावर नेमक्या त्या वेळी रेघ एक पायरी खाली उतरलेली दिसे. कुठल्या घराकडे किती गळते, हे असे कळे. दिवसा माणूस त्या घरी जाऊन नळ, पाइप, सांधे तपासी.

सापडले काय? झिजलेले वायसर, तडकलेले शिशाचे पाइप, नीट न बसवलेले सांधे. आज आपण वापरतो तो आट्यांचा, फिरवून बंद करायचा नळ इंग्लंडमध्ये १८४५ मध्ये पेटंट झाला. त्याच्या पोटात एक लहानशी चकती असते. ती झिजली की कितीही आवळा, नळ टपकतोच. त्या मोठ्या शहराला पाणी अपुरे पडण्यात अशा चकत्यांचाही मोठा वाटा होता. गळती दुरुस्त होत गेली आणि लिव्हरपूलला चोवीस तास पाणी देणे पुन्हा जमले. चौकात भांडी घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांना दोषी धरले जात होते. खरी चोरी जमिनीखाली चालली होती.

या गोष्टीला आणखी एक शेवट आहे. शहर वाढतच गेले आणि पुढे नवे धरण बांधावेच लागले. १८८१ मध्ये वेल्स या शेजारच्या प्रदेशात व्हिर्नवी नदीवर काम सुरू झाले. लानवदिन नावाचे गाव पाण्याखाली गेले. ३७ घरे, १० शेतघरे, प्रार्थनास्थळे, सगळे बुडाले. दफनभूमीतले पूर्वजांचे अवशेषसुद्धा उकरून दुसरीकडे न्यावे लागले. कोयनेकाठच्या किंवा जायकवाडीच्या धरणग्रस्त बायांना याचा अर्थ सांगायला नको. गळती थांबवल्याने ते गाव वाचले असते, असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते, की पाणी कुठून तरी, कोणाच्या तरी अंगणातून येते. ते भिंतीत मुरवायला आलेले नसते.

आता आपल्या गावात या. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले, घरोघरी नळ आला. माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे त्यात ठरले आहे. आता एक तांब्या घ्या, लिटरभराचा. घरच्या टाकीचा नळ गळत असेल तर खाली ठेवा. तांब्या दहा मिनिटांत भरला, तर तासाला ६ लिटर, दिवसाला १४४ लिटर गेले. म्हणजे अडीच माणसांचे पाणी. ते पाणी वर चढवायला पंप चालला, त्याचे वीजबिल आले. गावच्या लाइनीतली गळती असेल तर ते बिल ग्रामपंचायतीचे, म्हणजे आपल्याच पाणीपट्टीतले. वस्तीच्या शेवटच्या घरी पाणी पोचत नाही, त्या घरची बाई पुन्हा विहिरीवर जाते. आणि आपल्याकडे पाणी तासभरच सुटते, म्हणून हॉक्सली सांगे तो धोका रोजचाच. पाणी बंद झाल्यावर गटाराजवळचा फुटका पाइप घाण आत ओढतो.

डीकनची युक्ती मात्र आपल्यालाही जमते, फुकटात. रात्री जेवणे आटोपली की सगळे नळ बंद करा. घरी मीटर असेल तर आकडा लिहून ठेवा. मीटर नसेल तर टाकीत येणारे पाणी बंद करून आत काठी बुडवा आणि पाण्याच्या रेषेवर खडूची खूण करा. पहाटे कोणी नळ सोडायच्या आत पुन्हा बघा. आकडा सरकला किंवा पाणी उतरले, तर कुठेतरी गळते आहे. लोखंडी पाइप असेल तर सळईचे एक टोक पाइपला आणि दुसरे कानाला लावून पाहा. प्लॅस्टिकच्या पाइपात आवाज नीट येत नाही, तिथे डोळ्यांवर भिस्त ठेवा. उन्हाळ्यात न सुकणारी ओल, लाइनीवर एकाच जागी उगवलेले हिरवे गवत, भिंतीवरचा लोणा, या खुणा ओळखा. ओल्या भिंतीवर विजेचा बोर्ड असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मग बाकीचे.

माझी आई आता दर अमावास्येला टाकीत काठी घालते. तारीख लक्षात राहते म्हणून अमावास्या, दुसरे काही नाही. तिच्या गटाने एक वही केली आहे. कोणाच्या घरी काय गळते, कधी दुरुस्त झाले, किती खर्च आला, हे त्यात लिहितात. वायसर, टेप आणि दोन पाने अशी एक पिशवी गटाच्या पेटीत असते, बाया आळीपाळीने नेतात. नळाचा वायसर बदलायला चौघी शिकल्या आहेत. लाइनीची गळती दिसली की वहीतली नोंद घेऊन त्या ग्रामसभेत उभ्या राहतात, आणि तोंडी तक्रारीपेक्षा लिहिलेल्या तारखेला लवकर उत्तर मिळते, हा त्यांचा अनुभव आहे.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीआधी एक रात्र ही काठीची परीक्षा करा. किती घरांत पाणी उतरले ते मोजा आणि आम्हाला रेडिओवर कळवा. नमस्कार.