पान्हा का फुटला नाही?



बाळंतपणात खूप रक्त गेलं. बाई वाचली, पण अंगावर दूध आलंच नाही. पुढे पाळीही आली नाही. काखेतले केस गेले, थंडी सोसेना, एक हंडा आणला की गळून जायची. कुणी म्हणालं बाहेरचं लागलंय, कुणी म्हणालं आळशी आहे. अशा बायका पूर्वी होत्या, आजही आहेत. त्यांच्या दुखण्याचं मूळ कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. दूध, पाळी, थायरॉईड, अंगातली ताकद, सगळ्यांना हुकूम तिथून सुटतो. १९१३ मध्ये क्राकोव्ह शहरात लिऑन ग्लिन्स्की यांनी बाळंतपणानंतर दगावलेल्या बायकांच्या शरीरात ही ग्रंथी मेलेली पाहिली. पण नेमका उलगडा केला तो हॅरोल्ड शीहान यांनी. ते ग्लासगोच्या बाळंतपणाच्या इस्पितळात शवांची तपासणी करत. १९३७ मध्ये त्यांनी लिहिलं की जास्त रक्त जाऊन बाई कोसळते, तेव्हा या ग्रंथीचा पुढचा भाग मरतो. म्हणून या आजाराला शीहान सिंड्रोम म्हणतात.

असं का होतं? गरोदरपणात ही ग्रंथी मोठी होते, तिला रक्त जास्त लागतं. कालव्याचं पाणी घटलं की टोकाचं रान आधी वाळतं, तसंच हे.

गंमत म्हणजे रक्त थांबवायचं औषधही याच ग्रंथीने दिलं. १९०६ मध्ये हेन्री डेल यांना दिसलं, की तिच्या मागच्या भागाच्या अर्काने गर्भाशय आवळतं. त्यातलं ऑक्सिटोसिन १९५३ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. दवाखान्यात बाळ झाल्या झाल्या देतात, ते इंजेक्शन हेच.

श्रीमंत देशांत हा आजार आता क्वचित दिसतो. आपल्याकडे काश्मीरमधल्या डॉक्टरांची पाहणी २००५ मध्ये छापून आली. वीस वर्षांवरच्या, मूल झालेल्या बायकांत शंभरात सुमारे तिघींना हा आजार असावा, असा त्यांचा अंदाज होता. त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश घरीच बाळंत झाल्या होत्या.

या आजारावर गोळ्या आहेत. त्या जन्मभर घ्याव्या लागतात, मनाने बंद करायच्या नाहीत. आणि क्रम महत्त्वाचा. आधी स्टेरॉइडची गोळी, मग थायरॉईडची. नुसती थायरॉईडची सुरू केली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून थकव्यासाठी दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांनी विचारो न विचारो, बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं, दूध आलं नव्हतं, हे आपणहून सांगा. वीस वर्षं झाली असली तरी सांगा. गटात अशी कुणी मैत्रीण असेल, तर तिच्यासोबत जा.