बंदुकीची नळी पालटणे (रायगड किनारा)

दारूच्या स्फोटाचा दाब सोसून गोळीला दिशा देणारा बंदुकीचा जो मुख्य अवयव, तो झिजला, फुगला किंवा गंजाने खाल्ला असता उतरवून त्या जागी दुसरा बसविण्याची क्रिया. १९८१ पूर्वी कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांत, भाताला रानडुकरांचा आणि नारळ-सुपारीच्या वाड्यांना वानरांचा उपद्रव असल्यामुळे पीकसंरक्षणार्थ परवान्याची बंदूक बाळगण्याचा परिपाठ आहे. ती बहुधा ठासणीची असते. कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे १३ वे कलम अशा कामी प्रथम ठासणीचीच बंदूक सुचविते व ती अपुरी पडते अशी परवाना अधिकाऱ्याची खातरजमा झाली तरच गुळगुळीत नळीची अन्य बंदूक देऊ करते.

या मुलखात नळी बारांनी झिजते त्याहून अधिक हवेने नासते. सोरा, गंधक व कोळसा यांच्या काळ्या दारूची राख क्षारयुक्त असून हवेतील ओल शोषून घेते. तीत खाऱ्या वाऱ्याची भर पडली की पावसाळ्यात थोड्याशा हयगयीनेही पोलादाला खड्डे पडतात. म्हणून जाणता बागाईतदार बार काढल्यावर त्याच दिवशी नळीत कढत पाणी ओततो, गजाला गुंडाळलेली चिंधी आधी काळी, मग तांबूस व शेवटी पांढरीच बाहेर येईपर्यंत फिरवितो आणि वर तेलाचा हात देतो. मालकाने घरी करावयाचे काम एवढेच, आणि तेच खरे महत्त्वाचे होय.

बोल्टच्या, म्हणजे नळीचे मागील तोंड मिटणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, रायफलीची, उदाहरणार्थ इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या ०.३१५ इंची रायफलीची, नळी पालटणे ठासणीच्या बंदुकीपेक्षा नाजूक. तिची नळी बोल्टच्या पोलादी घरात आट्यांनी घट्ट बसविलेली असते आणि बंद बोल्टचे मुख व काडतूस नळीत जेथे अडते ती जागा यांमधील अंतर ठरल्याहून वाढले, तर पितळी काडतूस ताणून फाटू शकते व तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर उलटू शकतो. उलट ते अंतर कमी पडले तर बोल्टच मिटत नाही. हे माप खास मापकांवाचून कळत नाही. डोळ्यांच्या अंदाजाने तर मुळीच नाही.

म्हणून नळी पालटणे हे कुशल कारागिराचेच काम, आणि कायदाही येथे त्याच्याच बाजूने उभा आहे. शस्त्राचे भाग हेही शस्त्रांतच गणले जातात. शस्त्र अधिनियमाच्या ५ व्या कलमान्वये शस्त्राची निर्मिती, दुरुस्ती व रूपांतर यांना स्वतंत्र परवाना लागतो, आणि शस्त्र बाळगण्याच्या परवान्याने तो अधिकार मिळत नाही. ६ वे कलम विनापरवाना नळी आखूड करण्यास, तर ८ वे कलम तीवरील क्रमांक खोडण्या-बदलण्यास मनाई करते. ५ व्या कलमाच्या भंगास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे ते आजन्म कारावासाची शिक्षा आहे. तेव्हा नादुरुस्त हत्यार परवानाधारक बंदूकसाजाकडेच न्यावे.

नळी धड असली तरी रानडुकरावर ती रोखण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वनखात्याची अनुज्ञा वेगळी घ्यावी लागते.