नकाशावरचे बसरा, कराची आणि पुणे

मराठीतला 'नकाशा' हा शब्द अरबीतल्या 'नक्श'पासून आला. हद्द, जिल्हा, तालुका, इलाखा हे शब्दही त्याच वाटेने आले आणि इथलेच झाले. शब्द आपल्या ओळखीचे असले, तरी नकाशा वाचण्याची सवय आपल्याला फारशी नाही. वर्गात जगाचा नकाशा टांगला जातो, मुले त्यावर राजधान्या शोधतात. पण तो कोणत्या साली छापला, हे कुणी विचारत नाही. १९१९ ते १९३९ या दोन महायुद्धांमधल्या नकाशांपुढे मात्र हाच प्रश्न आधी विचारावा लागतो.

त्या काळातल्या कित्येक नकाशांवर छपाईचे साल नसते. ते नावांवरून ओळखता येते. पेट्रोग्राडचे लेनिनग्राड झाले १९२४ मध्ये. ख्रिस्तियानियाचे ऑस्लो झाले १९२५ मध्ये. कॉन्स्टँटिनोपलऐवजी इस्तंबूल हेच नाव वापरावे, असा आग्रह तुर्की सरकारने १९३० मध्ये धरला. इराणच्या सरकारने १९३५ मध्ये 'पर्शिया' हे नाव परकीयांनाही सोडायला लावले. ब्रह्मदेश १९३७ मध्ये हिंदुस्थानापासून वेगळा झाला. छापखाने दर वेळी नवा नकाशा कोरत बसत नसत; जुन्याच प्लेटवरचे नाव खोडून नवे घालत. म्हणून नद्या-डोंगर तेच राहतात आणि मुलखांची नावे, रंग बदलतात. पुण्यातही सरकारी फोटोझिंको छापखाना होता. मूळ नकाशाचा फोटो घ्यायचा, तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि त्यावरून छापायचे, अशी ती रीत. मुंबई इलाख्याचे नकाशे तिथे छापले जात.

या नकाशांवरचा सर्वात मोठा फरक पश्चिम आशियात दिसतो. १९१४ च्या नकाशावर बसऱ्यापासून मदिनेपर्यंत उस्मानी सल्तनतीचा एकच रंग आहे. १९२० नंतर तिथे इराक, सीरिया, पॅलेस्टाइन, ट्रान्सजॉर्डन अशी नावे येतात. 'मँडेट' या नव्या व्यवस्थेखाली हे मुलूख ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या ताब्यात गेले होते. इराक आणि तुर्कस्तान यांच्यातली हद्द १९२६ मध्ये, मोसुलचा वाद मिटल्यावर, ठरली.

ही रेघ ओढण्यात पुण्याचे नावही गुंतलेले आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा जिंकणारी हिंदी फौज म्हणजे सहावी 'पूना डिव्हिजन'. मराठा पलटणी तिच्यात होत्या आणि त्या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या होत्या. पुढच्या वर्षी ही फौज बगदादच्या रोखाने निघाली आणि हजरत सलमान फारसी यांची मजार असलेल्या सलमान पाकजवळ तिला अडवले गेले. ती मागे हटून कूत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली. उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोकांनी शरणागती पत्करली. त्यातले कित्येक कैदेतून परतलेच नाहीत. समोरची फौज खलिफाची होती. पगार सरकारचा आणि खुतब्यात नाव खलिफाचे, अशा पेचात सापडलेल्या त्या शिपायांच्या मनाचा विचार आपल्या इतिहासलेखनाने अजून पुरेसा केलेला नाही.

१९१९ मध्ये मुंबईत खिलाफत कमिटी स्थापन झाली ती याच नकाशाच्या चिंतेतून. १० ऑगस्ट १९२० च्या सेव्हरच्या तहाने तुर्कस्तानचे तुकडे पाडले: इझमीर ग्रीकांकडे, पूर्वेचे प्रांत आर्मेनियाकडे. मुस्तफा कमाल यांच्या फौजांनी तो तह उधळला आणि २४ जुलै १९२३ रोजी लोझानला नवा तह झाला. मधल्या तीन वर्षांतले काही नकाशे प्रत्यक्षात कधीच न उतरलेला तुर्कस्तान दाखवतात. छापलेले सगळे खरे असते, असे मानणाऱ्यांनी ते जरूर पाहावेत. ३ मार्च १९२४ रोजी तुर्कांनीच खिलाफत रद्द केली. मुंबई बंदरातून हजला निघालेले लोक तेव्हा 'हिजाज'ला जात. 'सौदी अरेबिया' हे नाव १९३२ मध्ये आले.

दूरच्या मुलखांसाठी आपले पूर्वज रस्त्यावर आले, याची आठवण घरोघरी सांगितली जाते. पण त्याच काळात घराजवळची एक रेघ हलली, तिची आठवण कमी होते. तेव्हाच्या नकाशावर मुंबई इलाखा पाहा. धारवाड, पुणे, अहमदाबाद आणि कराची एकाच रंगात आहेत. १९३२ पर्यंत एडनचा कारभारही मुंबईकडे होता. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजचे विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. पावसाळ्यात सरकार पुण्याला येई आणि कायदेमंडळाच्या बैठका इथल्या कौन्सिल हॉलमध्ये भरत. सिंधचे सर गुलाम हुसेन हिदायतुल्ला आणि पुण्यात जन्मलेले मौलवी सर रफिउद्दीन अहमद, दोघांनीही याच इलाख्याच्या सरकारात मंत्रिपद सांभाळले.

१ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत झाला. ही मागणी जीनांच्या १९२९ च्या चौदा मुद्द्यांतही होती. सिंधमध्ये सत्तर टक्क्यांहून अधिक वस्ती मुसलमानांची असल्याने तिथल्या समाजाला स्वतःचा प्रांत मिळाला. पण उरलेल्या इलाख्यातला मराठी, गुजराती, कानडी बोलणारा मुसलमान एका दिवसात फार लहान अल्पसंख्य झाला. त्याचे मत त्या रेघेसाठी कुणी वेगळे विचारले नाही. अकरा वर्षांनी तीच प्रांताची हद्द दोन देशांमधली हद्द झाली.

आपल्या समाजातल्या जुन्या शाळांच्या कपाटांत, मदरशांच्या आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या माळ्यावर अशा जुन्या ॲटलासांच्या प्रती अजून सापडू शकतात. बरेचदा 'जुने झाले, चुकीचे आहे' म्हणून ती रद्दीत जातात. इतिहास शिकवणाऱ्यांनी ती जपावीत. आजचा आणि १९२५ सालचा नकाशा शेजारी ठेवून आठवीच्या मुलांना फरक शोधायला सांगावे. हद्दी माणसांनी ओढलेल्या असतात, त्यांना तारीख असते आणि त्या ओढताना कुणाला विचारले, कुणाला नाही, हे प्रश्न मग मुले आपणहून विचारू लागतात.