पहाटेची हाक आणि साबणाची वडी

दिवाळी जवळ आली हे माणसाला कळते कशावरून? पंचांगावरून म्हणावे, तर पंचांग उघडून पाहणारे माणूस घरात एखादेच असते. आमच्या खामगावात ते कळत असे कापसावरून. कोजागिरीला मोठी देवी बसली, तिचा उत्सव आटोपला, की पहिल्या वेचणीच्या कापसाच्या गाड्या बाजाराच्या वाटेला लागत. गाड्या वेळेवर आल्या तर दिवाळी वेळेवर. पाऊस लांबला आणि बोंडे उशिरा फुटली, तर पंचांगातली दिवाळी येऊन जाई आणि घरातली मागे राही. माझे वडील एका अडत्याच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यामुळे शेत नसतानाही आमच्या घरची दिवाळी बोंडांवरच अवलंबून असे.

आता त्याच खामगावात, निदान आमच्या घरात, दिवाळीची चाहूल लागते ती दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींवरून. हे वाचून कोणी नाक मुरडील. मीही पुष्कळ वर्षे मुरडीत होतो. पण कापसाच्या गाडीपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंतचा हा प्रवास कसा झाला, हे पाहू गेले तर त्यात मौज आहे, आणि थोडी टोचणीही आहे.

प्रथम आपल्या घरचेच सांगावे. ज्या दिवाळी अंकाच्या पानांतून मी हे लिहीत आहे, त्या अंकांची परंपरा १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’च्या दिवाळी अंकाने सुरू केली. विलायतेत नाताळाला मासिकांचे विशेष अंक निघत, त्यांचा नमुना समोर होता. म्हणजे दिवाळीचे वाङ्मय नाताळाच्या बोटाला धरूनच आपल्या घरात आले. पुढे या अंकांचा संसार बऱ्याच अंशी जाहिरातींवर चालू लागला. वडील अंक आणीत तेव्हा घरातली मोठी माणसे कथा वाचीत आणि आम्ही मुले तेलाच्या, साबणाच्या, अत्तराच्या जाहिराती वाचीत असू. त्यातली कोणतीच वस्तू घरात येणार नाही हे आम्हांला ठाऊक होते, त्यामुळे वाचण्यात दुःख नव्हते. छापील जाहिरात ओरडत नाही. पान उलटले की ती गप्प बसते.

आवाज आला तो रेडिओने. सिलोनची गाणी आणि त्यांच्या अधूनमधून येणाऱ्या जाहिराती लोक आधीपासून ऐकत होते. आपल्या आकाशवाणीने मात्र १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविधभारतीवर जाहिराती सुरू केल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. त्या वर्षीची दिवाळीही नेमकी त्याच दिवसांत होती. म्हणजे महाराष्ट्राच्या घरात जाहिरातीचा सरकारमान्य आवाज पहिल्यांदा घुमला तो पणत्यांच्या उजेडात, असे म्हणायला हरकत नाही.

दूरचित्रवाणीचे तसे नव्हते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती येऊ लागल्या, पण हे सारे आम्हांला वर्तमानपत्रातून कळले. बुलढाणा जिल्ह्यातल्या गल्लीबोळांत दूरचित्रवाणीचे संच दिसू लागले ते ऐंशीच्या दशकात, रंगीत चित्र आल्यानंतर. आमच्या गल्लीत पहिला संच एका कापड दुकानदाराकडे आला. संध्याकाळी त्याच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडे.

१९८७ ची दिवाळी मला विशेष आठवते. रविवारी सकाळी रामायण चालू असे आणि गल्ली ओस पडे. देशभर ते वर्ष दुष्काळाचे होते. आमच्याकडेही कापूस बेताचाच होता. मी तोवर शाळेत मास्तर झालो होतो, पण वडिलांच्या आजारपणाने हात आखडलेला होता. माझी मुलगी सहा वर्षांची. दुकानदाराच्या ओसरीवर तिने एका रंगाच्या कंपनीची जाहिरात पाहिली: दिवाळीचे घर, गुळगुळीत भिंती, हसरी माणसे. घरी आल्यावर तिने विचारले, “बाबा, आपल्या घराला रंग कधी द्यायचा?”

आमचे घर मातीच्या भिंतींचे. दिवाळीला त्याला पांढऱ्या मातीचा हात फिरवायचा आणि जमीन सारवायची, एवढेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. पोरीच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. माझी आजी तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होती. ती कोपऱ्यातून म्हणाली, “त्या टीव्हीतल्या घरात बकऱ्या नाई बांधत वाट्टे! म्हणून भित गोरी राह्यते.” सगळे हसले. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी आजीने पांढऱ्या मातीचे गाडगे कालवले आणि नातीला चिंधी हातात देऊन भिंतीशी उभे केले. वर गेरूने दोन बोटे पट्टा ओढायचे काम पोरीकडे दिले. तो पट्टा वाकडा आला. पुढे कितीतरी दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवीत असे.

टोचणी म्हटली ती ही. छापील पानाने जे कधी केले नाही, ते या बोलत्या चित्राने केले. जाहिरातीतल्या कोणत्याही घरी कापसाचे पैसे यायचे राहिलेले नसतात. २००६ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. त्याही वर्षी जाहिरातीतले अंगण तितकेच लखलखत होते.

आणखी एक गोष्ट त्या काळी ध्यानात आली नव्हती, ती आज येते. त्या जाहिराती बहुतेक हिंदी असत आणि त्यांतली दिवाळी उत्तरेची असे. मिठाईचे डबे, गळाभेटी, रात्रीचे दीप. आपली दिवाळी सुरू होते पहाटे, अंगाला तेल-उटणे लागते तेव्हा. ती पहाट पडद्यावर जवळजवळ नव्हतीच. चकली नव्हती, बांबूच्या काड्यांचा आकाशकंदीलही नव्हता. १९९९ साली अल्फा मराठी आणि २००० साली ई टीव्ही मराठी या वाहिन्या आल्या, तेव्हा मराठी घर हा स्वतंत्र बाजार आहे हे कंपन्यांना पुरते उमगले. भाषेचे प्रेम म्हणून नव्हे, विक्रीची सोय म्हणून. पण त्या सोयीतून आपली पहाट पडद्यावर आली.

आणि ती आली साबणाच्या वडीतून. मोती साबण मूळचा टाटा ऑइल मिल्स या कंपनीचा. १९१७ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी हमामसारख्या साबणांमुळे घरोघर माहीत होती. मोती तिने सत्तरच्या दशकात काढला. वाटोळा, जड, मुठीत न मावणारा, गुलाबाच्या नाहीतर चंदनाच्या वासाचा. वर्षभर वापरण्याचा तो साबण नव्हेच. माझे वडील तो आणीत, पण पेढीवरून पैसे मिळाले तरच. आणि एकच वडी आणीत. आई ती दोऱ्याने कापून चार तुकडे करी. वडी आली म्हणजे साल बरे गेले, असा हिशेब होता. एका वर्षी ती आली नाही. आईने रिकामे खोके जपून ठेवले होते, तेच कपड्यांच्या पेटीत घातले, म्हणजे निदान नव्या कपड्यांना वास लागावा. कपडेही त्या वर्षी नवे नव्हते, हे निराळे.

१९९३ मध्ये टाटांची ही कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करण्याचे ठरले, आणि मोती लिव्हरकडे गेला. लिव्हरचा साबणाचा मोठा कारखाना आमच्या खामगावच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिलेला. मोती तिथेच होत असे असे मी म्हणत नाही. पण त्या कारखान्यात पाळीवर जाणारी माणसे आमच्या गल्लीत राहत, आणि कापसावर दिवाळी मोजणाऱ्या गावात साबणाच्या पगारावर दिवाळी मोजणारी घरे झाली, ही आमच्या गावच्या इतिहासातली लहानसहान गोष्ट नव्हे.

मग गेल्या दशकात ती जाहिरात आली. पहाटेचा अंधार, इमारतीचे जिने, आणि दारोदार थापा मारीत सर्वांना उठवीत जाणारे एक वृद्ध गृहस्थ. दिवाळी आली, आता उठा आणि आंघोळीला चला, एवढाच त्यांच्या हाकेचा अर्थ. पण यमक असे चपखल की ती पोरांच्या तोंडी बसली. लोक त्यांना अलार्म काका म्हणू लागले. ते काम विद्याधर करमरकर यांनी केले होते. लोकांना नाव ठाऊक नव्हते, काका ठाऊक होते.

विलायतेतही अशीच मौज आहे. तिथे दूरचित्रवाणीवर पहिली जाहिरात झळकली २२ सप्टेंबर १९५५ रोजी, टूथपेस्टची. आता नाताळाआधी तिथल्या जॉन लुईस या मोठ्या दुकानाच्या जाहिरातीची लोक वाट पाहतात. २०११ सालच्या जाहिरातीत एक लहान मुलगा नाताळाची घटका मोजीत असतो; आपल्याला वाटते, याला भेटी हव्या आहेत. सकाळ होते, आणि तो स्वतःच्या भेटींकडे न पाहता, आईबापांसाठी जपून ठेवलेला पुडा घेऊन धावतो. सणाच्या आदल्या रात्री झोप न येणे तिकडेही आहे आणि इकडेही. दुकानदारांनी ते दोन्हीकडे बरोबर हेरले.

आता मूळ मुद्द्याशी येतो. अलार्म काकांची हाक मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला राग आला होता. कारण ती हाक आमची होती. चार वाजता चुलीवर पाण्याचे हंडे चढवून आजी अंगणातून ओरडत असे, “उठा रे पोट्टेहो, दिवाई आली! आंग धुवा!” तिच्या हाकेला यमक नव्हते. न उठणाऱ्याच्या पाठीत गार पाण्याचा हात बसे. आमच्या घरातून उचललेली ही हाक कोणी वडीबरोबर बांधून आम्हांलाच विकावी, याचा राग होता. सौ. म्हणाली, “अहो, आता आपल्याकडे ओरडतं कोण?” ते खरेच होते. आजी जाऊन वीस वर्षे उलटली होती. मुलगी लग्न होऊन पुण्याला. आम्ही दोघेच, आणि दोघांना उठवायला ओरडावे लागत नाही. म्हातारपणी झोप आपणच मोडते.

२०२१ च्या सप्टेंबरात करमरकर वारले. वय ९६ होते. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. शाहरुख खान गावोगावच्या दुकानांची नावे घेतो अशी चॉकलेटची एक जाहिरात तेव्हा गाजत होती, आणि आमच्या बाजारातल्या एका दुकानदाराने आपले नाव त्याच्या तोंडी घालून ती गावभर दाखवली. नटसम्राटाच्या तोंडून खामगावचे दुकान ऐकून लोक खूष झाले. मीही झालो, नाही कशाला म्हणू?

नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला माझा मोबाइल वाजला. मुलीने पुण्याहून अलार्म काकांची जुनी जाहिरात धाडली होती, आणि पाठोपाठ तिचाच फोन. मी कानाला लावला तर पलीकडून आवाज नातवाचा. आईने पढवलेले तो ओरडत होता, यमकाचे नव्हे, आमच्या आजीचे. वऱ्हाडी त्याला येत नाही. ‘दिवाई’ म्हणताना त्याची जीभ ‘दिवाळी’कडे वळत होती. मागून मुलगी हसत होती.

सौ.ने बंब पेटवला. कपाटात मोतीचे खोके होते, ते मी काढले. वडी सबंध होती. दोरा शोधला, पण दोन माणसांना कापायची कशाला, म्हणून तशीच घेतली.